जुनी पोर्शे घेण्यापूर्वी तिच्या नोंदी कशा वाचाव्यात

सेकंड हँड गाडी पाहायला जाताना आपण सहसा ओळखीच्या मेकॅनिकला सोबत नेतो. तो बॉनेट उघडतो, ऑइलची कांडी काढून पाहतो, इंजिन चालू करून कान लावतो आणि आपले मत देतो. पोर्शे बॉक्सस्टर किंवा केमन पाहायला गेल्यावर मात्र ही पद्धत पहिल्याच पायरीवर अडते, कारण पुढचे बॉनेट उघडले तर तिथे सामानाची जागा दिसते आणि मागची डिकी उघडली तर तिथेही सामानाचीच जागा दिसते. इंजिन या दोहोंच्या मध्ये, आसनांच्या पाठीमागे बंद कप्प्यात बसवलेले असते, आणि त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी गाडी रॅम्पवर चढवून खालची आवरणे काढावी लागतात. डिकीत फक्त ऑइल आणि कूलंट भरण्याची तोंडे हाताला लागतात, आणि बऱ्याच मॉडेलांत ऑइलची पातळीही पडद्यावरच वाचावी लागते. म्हणजे गाडीचा सर्वांत महागडा भाग ग्राहकाला न दाखवताच सौदा पूर्ण होऊ शकतो, आणि अनेकदा तसा तो होतो.

हा लेख याच दोन गाड्यांना समोर ठेवून लिहिला आहे. भारतातल्या वापरलेल्या स्पोर्ट्स कारच्या बाजारात त्या तुलनेने आवाक्यातल्या मानल्या जातात, त्यामुळे पहिल्यांदा अशी गाडी घेणाऱ्यांची नजर बहुधा त्यांच्याकडेच वळते, आणि त्यांच्या दोषांविषयी जगभरातल्या मालकांनी व मेकॅनिकांनी बरेच ज्ञान साठवलेले आहे. तपासणीचे मूळ सूत्र मात्र कोणत्याही स्पोर्ट्स कारला लागू पडते. गाडीचा भूतकाळ एकाच ठिकाणी लिहिलेला नसतो. तो सेवा-पुस्तिकेत असतो, इंजिनाच्या संगणकात असतो, परिवहन कार्यालयाच्या दप्तरात असतो, विम्याच्या पॉलिसीत असतो, टायरच्या कडेवर, काचांच्या कोपऱ्यात आणि रंगाच्या जाडीतही असतो. या सगळ्या नोंदी वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या वेळी, एकमेकांना न विचारता केलेल्या असतात; म्हणून त्यांपैकी एखादी बदलणे सोपे असले, तरी सगळ्या एकाच वेळी बदलून त्यांचा मेळ घालणे फार कठीण असते. तपासणी करायची म्हणजे हा मेळ बसतो का, ते पाहायचे.

सुरुवात पिढीपासून करावी, कारण कोणता दोष शोधायचा हे तिच्यावरून ठरते. बॉक्सस्टरची पहिली पिढी, जिला ९८६ म्हणतात, १९९६ साली आली. दुसरी, म्हणजे ९८७, २००४ च्या अखेरीस आली आणि तिच्याच पायावर २००५ मध्ये केमन बेतली गेली. २००९ च्या मॉडेलपासून ९८७ मध्येच नवे इंजिन आणि पीडीके हा दुहेरी क्लचचा सात गिअरचा बॉक्स आला. २०१२ पासून ९८१ आणि २०१६ पासून ७१८ असा पुढचा क्रम आहे. पोर्शेची भारतातली अधिकृत विक्री २००४ च्या सुमारास सुरू झाल्यामुळे ९८६ इथे क्वचितच दिसते. प्रत्यक्षात निवड ९८७ पासून पुढे करायची असते, आणि २००८ पर्यंतची ९८७ व त्यानंतरची ९८७ बाहेरून जवळजवळ सारख्या दिसत असल्या, तरी आतून त्या दोन वेगळ्या गाड्या आहेत, हे मनाशी पक्के करूनच पुढे जावे.

२००८ पर्यंतच्या इंजिनांत क्रँकशाफ्टखाली, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याखाली, एक मधला दांडा असतो, ज्याला इंटरमीडिएट शाफ्ट म्हणतात. क्रँकशाफ्ट त्याला फिरवते आणि तो साखळ्यांच्या साहाय्याने दोन्ही बाजूंच्या, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टना गती देतो. या दांड्याचे एक टोक ज्या बंद बॉल बेअरिंगवर टेकलेले असते, त्याचे सील काळाच्या ओघात निकामी होते, आतले ग्रीस धुऊन जाते आणि बेअरिंग झिजू लागते. ते पूर्ण फुटले तर दांडा हलतो, साखळीची वेळ चुकते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन एका क्षणात निकामी होते. अमेरिकेत या दोषावरून ग्राहकांनी सामूहिक दावा दाखल केला होता आणि तो तडजोडीने मिटला. त्यात प्रामुख्याने २००१ ते २००५ या काळातल्या गाड्या होत्या. साधारण २००६ पासून बेअरिंग मोठे करण्यात आले आणि ते फुटण्याचे प्रमाण बरेच घटले. मात्र जुने, लहान बेअरिंग गिअरबॉक्स उतरवल्यावर बाहेर काढून बदलता येते, तर मोठे बेअरिंग इंजिनाचे दोन भाग वेगळे केल्याशिवाय निघत नाही. २००५ सालच्या गाडीत नेमके कोणते बेअरिंग आहे, हे गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही. म्हणून विक्रेत्याला विचारण्याचा प्रश्न असा आहे: क्लच कधी बदलला, आणि त्या वेळी हे बेअरिंग पाहिले किंवा बदलले का? बदलले असेल तर त्याचे बिल असते. बिल नसेल तर काम झालेले नाही असे धरूनच किंमत ठरवावी.

त्याच इंजिनांचा, विशेषतः ३.४ लिटरच्या एस मॉडेलांचा, दुसरा दोष अधिक संथ आणि माझ्या मते अधिक त्रासदायक आहे. पिस्टन ज्या नळकांड्यात, म्हणजे सिलिंडरमध्ये, सरकतो, त्याच्या आतल्या भिंतीवर उभे ओरखडे पडतात. थंड इंजिन लगेच जोरात पळवणे, ऑइल फार उशिरा बदलणे, दाट झालेल्या ऑइलवर कमी अंतराच्या फेऱ्या मारत राहणे, अशी अनेक कारणे त्यामागे सांगितली जातात. लक्षणे म्हणजे इंजिन गरम झाल्यावर येणारी टकटक, वाढलेला ऑइलचा खप आणि सायलेन्सरच्या तोंडाशी जमणारी काळी, चिकट काजळी. त्याच घराण्याच्या ९११ मध्ये दोन बाजूंचे सायलेन्सर वेगळे असल्याने एकच तोंड काळे पडलेले चटकन लक्षात येते. बॉक्सस्टर व केमनमध्ये तोंड मधोमध असल्याने तो आडाखा इथे चालत नाही. खात्री करण्याचा एकच मार्ग आहे. स्पार्क प्लगच्या छिद्रातून, आणि शक्य असल्यास खालून ऑइलचे पात्र उतरवून, बारीक कॅमेरा आत घालून सहाही नळकांड्यांच्या भिंती पाहाव्यात व त्यांची छायाचित्रे मागून घ्यावीत. याच भेटीत ऑइल फिल्टर काढून त्याचा कागद उलगडून पाहावा. त्यात चमकणारे कण दिसले तर त्यांवर लोहचुंबक धरावे. चिकटणारे कण पोलादाचे, म्हणजे बेअरिंग किंवा साखळीकडून आलेले असू शकतात, आणि न चिकटणारे ॲल्युमिनियमचे. जो विक्रेता हे करू देत नाही, त्याची गाडी २००८ पूर्वीची असेल तर मी ती घेणार नाही.

२००९ पासूनच्या इंजिनांत तो मधला दांडाच काढून टाकला आहे, त्यामुळे पहिला दोष मुळातूनच नाहीसा झाला आणि दुसऱ्याचे प्रमाणही बरेच कमी झाले. ज्याला मनःशांती हवी आहे त्याने थोडे अधिक पैसे घालून २००९ नंतरची ९८७ किंवा ९८१ शोधावी, हे माझे स्पष्ट मत आहे. ७१८ मध्ये सहाऐवजी चार सिलिंडरचे टर्बो इंजिन आले. त्याची ताकद अधिक आहे, आवाजाबद्दल मात्र मतभेद आहेत. २०२० पासून आलेल्या ४.० लिटरच्या जीटीएसमध्ये सहा सिलिंडर पुन्हा दिसतात.

आता इंजिनाच्या संगणकाकडे वळतो, कारण या गाड्यांच्या तपासणीतला सर्वांत मोलाचा आणि आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित भाग तोच आहे. पोर्शेचे इंजिन-नियंत्रक यंत्र इंजिन एकूण किती तास चालले याची नोंद ठेवते, तसेच ते ठरलेल्या मर्यादेपलीकडे किती वेळा आणि कधी फिरले, याचीही नोंद ठेवते. कंपनीच्या निदान-यंत्राने, किंवा तेवढ्याच क्षमतेच्या दुसऱ्या यंत्राने, ही नोंद छापून घेता येते. अनेक शहरांतल्या सर्व्हिस सेंटरांत आणि चांगल्या स्वतंत्र गॅरेजांत हे काम होते.

आधी तासांचा उपयोग पाहू. मीटरवर ३०,००० किलोमीटर आहेत आणि यंत्र सांगते की इंजिन १,००० तास चालले, तर सरासरी वेग ताशी ३० किलोमीटर निघतो. शहरात राहून अधूनमधून लोणावळा किंवा महाबळेश्वरच्या रस्त्याला लागणाऱ्या गाडीसाठी हा आकडा पटण्यासारखा आहे. पण मीटरवर १८,००० किलोमीटर असून तास २,००० भरले, तर सरासरी ताशी ९ किलोमीटर होते. मुंबईच्या कितीही वाहतूक कोंडीत वर्षानुवर्षे एवढी कमी सरासरी राहणे अवघड आहे. अशा वेळी दोन शक्यता उरतात. एक तर मीटर मागे फिरवला आहे, नाहीतर गाडी उभ्या-उभ्या फार चालू ठेवली गेली आहे, आणि दोन्ही शक्यतांचे स्पष्टीकरण मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. हाच आकडा मग सेवा-पुस्तिकेतल्या प्रत्येक सर्व्हिसच्या तारखेला लिहिलेल्या किलोमीटरशी, आणि पीयूसी व विम्याच्या कागदांवर कुठे किलोमीटर लिहिले असतील तर त्यांच्याशी, ताडून पाहावा.

मर्यादेपलीकडच्या फेऱ्यांची नोंद समजून घ्यायला थोडे गणित लागते. इंजिन फार वेगाने फिरू लागले की संगणक इंधन तोडतो आणि त्याला आवरतो, त्यामुळे पाय कितीही दाबला तरी इंजिन तेवढ्याने बिघडत नाही. पण मॅन्युअल गिअरच्या गाडीत चौथ्यातून पाचव्यात जाताना चुकून तिसरा किंवा दुसरा पडला आणि क्लच सोडला, तर चाके स्वतःच्या वेगाने इंजिनाला फिरवतात आणि तिथे इंधन तोडून काही उपयोग होत नाही. अशा एका चुकीत व्हॉल्व्ह, स्प्रिंग आणि साखळ्या यांच्यावर जो ताण येतो, तो पुढे अनेक महिने गुप्त राहू शकतो. ९८७ पासूनच्या गाड्यांत ही नोंद सहा पट्ट्यांत ठेवलेली असते. खालच्या पट्ट्या मर्यादेला नुसते स्पर्शून आल्याच्या असतात, वरच्या पट्ट्या जवळजवळ नेहमी चुकीच्या गिअरच्या असतात. आकडे मोठे दिसले म्हणून घाबरू नये, कारण यंत्र प्रत्येक ठिणगी मोजते. सहा सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला तीन ठिणग्या पडतात, म्हणजे मिनिटाला ७,२०० फेऱ्यांवर सेकंदाला ३६० ठिणग्या. पहिल्या पट्टीत ७२० हा आकडा असेल तर एकूण दोन सेकंद इंजिन तिथे होते, एवढाच त्याचा अर्थ. पाचव्या किंवा सहाव्या पट्टीत मात्र लहानसा आकडाही गंभीर असतो. तरीही तो कोणत्या तासाला नोंदला गेला हे पाहावे: घटना ३०० व्या तासाला घडली असेल आणि आज इंजिन १,२०० तास चाललेले असेल, तर मधल्या ९०० तासांत काही बिघडले नाही हा दिलासा असतो; घटना गेल्या २० तासांतली असेल तर ती गाडी सोडून द्यावी. पीडीके किंवा टिपट्रॉनिक (पोर्शेचा जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) गाडीत चुकीचा गिअर संगणक स्वीकारतच नाही, म्हणून तिथे वरच्या पट्ट्या रिकाम्या असणे अपेक्षित आहे.

या सगळ्यांत किलोमीटर कमी असणे हा गुण आहे असे आपल्याकडे सरसकट मानले जाते, त्याबद्दल एक शब्द लिहिणे आवश्यक वाटते. दहा वर्षांत आठ हजार किलोमीटर चाललेली गाडी बहुतांश काळ तळघरात झाकून उभी असते. तिचे रबराचे सील सुकतात, टायर एकाच जागी दबून चपटे होतात, ब्रेकच्या तबकड्यांवर गंज धरतो, टाकीतले पेट्रोल जुने होते, आणि इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये हवेतला ओलावा शोषला जातो. दरवर्षी ऑइल बदललेली आणि पन्नास हजार किलोमीटर नियमित चाललेली गाडी मला अशा गाडीपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते. इंधनाचाही इतिहास विचारावा. ही इंजिने उच्च ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बांधलेली आहेत, आणि आपल्याकडचे साधे पेट्रोल अनेक वर्षे ९१ ऑक्टेनचे होते. संगणक ठिणगीची वेळ मागे घेऊन इंजिन सांभाळतो, पण मालकाने नेहमी कोणते पेट्रोल भरले, यावरून त्याने गाडीची एकूण किती काळजी घेतली याचा अंदाज येतो.

अपघाताची तपासणी रंगापासून करावी. रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र डेंटिंग-पेंटिंगच्या चांगल्या दुकानात किंवा तपासणी करणाऱ्या व्यावसायिकाकडे मिळते. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. एखाद्या भागावर तो २५० दिसला तर तो भाग पुन्हा रंगवला आहे, आणि ५०० च्या पुढे गेला तर रंगाखाली बहुधा लांबी (पुट्टी) भरलेली आहे. एखादा बंपर पुन्हा रंगवलेला असणे हे आपल्या रस्त्यांवर स्वाभाविक आहे. छताचा खांब, दाराची चौकट किंवा पुढच्या सामानाच्या जागेची कड जाड भरली तर तिथे थांबावे. लोहचुंबक लावून लांबी ओळखण्याचा जुना उपाय ९८१ पासून फसतो, कारण तिची दारे, पुढचे झाकण आणि मागची डिकी ॲल्युमिनियमची आहेत. जाडी मोजणारे यंत्रही दोन्ही धातूंवर चालणारे आहे ना, हे पाहून घ्यावे. मग सर्व काचांच्या कोपऱ्यांतल्या खुणा वाचाव्यात. सगळ्या काचांवर एकाच बनावटीची खूण आणि जवळपासचे वर्ष असावे. एकच काच वेगळी असेल तर ती का बदलली ते विचारावे. पुढची झाकणे धरून ठेवणाऱ्या बोल्टांच्या डोक्यांवरचा रंग पान्याने उडालेला आहे का, हेही पाहायला दोन मिनिटे पुरतात.

पाण्याचा प्रश्न महाराष्ट्रात वेगळ्याने लिहिला पाहिजे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, २०१५ च्या डिसेंबरमध्ये चेन्नई बुडाली, सप्टेंबर २०१९ मध्ये पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला. अशा प्रत्येक वेळी तळघरांतल्या गाड्या बुडतात, विमा कंपनी त्यांना पूर्ण नुकसान ठरवते, आणि त्यांपैकी काही दुरुस्त होऊन दूरच्या राज्यात बाजारात येतात. इतक्या खाली बसणाऱ्या गाडीत घोटाभर पाणीही पुरेसे असते. शिवाय बॉक्सस्टरला पुराचीही गरज लागत नाही. तिच्या कापडी छताचे पाणी मागच्या बाजूच्या नळ्यांतून खाली जाते. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत त्या नळ्या पानांनी तुंबतात, पाणी आत उतरते आणि ९८६ व ९८७ मध्ये आसनाखाली बसवलेला अलार्म व इमोबिलायझरचा (खरी किल्ली नसल्यास इंजिन चालू न होऊ देणाऱ्या यंत्रणेचा) संगणक भिजतो. त्यामुळे आसने मागे-पुढे सरकवून गालिच्याखाली हात घालून पाहावे, आसनाच्या रुळांवरचा गंज पाहावा, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या तळाच्या भागावर चिखलाचा डाग आहे का ते पाहावे, आणि गाडी बंद ठेवून काचा लावून दहा मिनिटांनी दार उघडल्यावर कुबट वास येतो का, ते स्वतःच्या नाकाने ठरवावे. छत दोनदा पूर्ण उघडून बंद करून पाहावे. मुंबई, अलिबाग किंवा गोव्यात समुद्राजवळ राहिलेल्या गाडीत खारी हवा पुढच्या बंपरामागच्या एसी कंडेन्सर आणि रेडिएटरांना खाते. त्यांच्या समोर साचलेला पालापाचोळा ओला राहून हे काम अधिक वेगाने करतो.

रॅम्पवर गाडी चढवली की गतिरोधकांनी घासलेला तळ, वाकलेली रिम, फाटलेले सस्पेन्शनचे रबर आणि इंजिन व गिअरबॉक्सच्या सांध्यातून झिरपणारे ऑइल एका नजरेत दिसते. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. सहा वर्षांहून जुना टायर नक्षी शिल्लक असली तरी बदलायचाच असे धरून किमतीतून वजा करावा. पोर्शेने मान्य केलेल्या टायरवर एन अक्षर व एक आकडा असतो, आणि निदान एका आसावरचे दोन्ही टायर एकसारखे हवेत. ब्रेकचे कॅलिपर पिवळे असतील तर गाडीला सिरॅमिक तबकड्या असू शकतात. त्यांची झीज केवळ डोळ्यांनी कळत नाही, किमान वजन तबकडीवरच कोरलेले असते, आणि त्या बदलण्याचा खर्च एखाद्या छोट्या नव्या गाडीच्या घरात जाऊ शकतो, म्हणून त्यांचे मोजमाप लेखी घ्यावे.

चालवून पाहण्याची वेळ सकाळची ठेवावी आणि आपण येईपर्यंत गाडी चालू करू नये, असे आदल्या दिवशीच सांगावे. पोहोचल्यावर सायलेन्सरजवळ हात धरून तो थंड असल्याची खात्री करावी. या इंजिनांत सिलिंडर आडवे असल्यामुळे रात्रभरात थोडे ऑइल आत झिरपते आणि सुरू होताना धुराचा एखादा लोट येतो. तो काही सेकंदांत विरला तर चिंता नको. मिनिटभर पांढरा दाट धूर येतच राहिला तर ऑइलची वाफ वेगळी करणारा भाग फाटलेला असू शकतो. गाडी गरम झाल्यावर चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावरून पूर्ण जोर द्यावा. फेरे वाढले पण वेग वाढला नाही तर क्लच संपत आला आहे. पीडीके असेल तर चढावर मुंगीच्या पावलाने चालवून आणि पार्किंगमध्ये पुढे-मागे घेऊन झटके जाणवतात का, ते पाहावे. शेवटी एसी पूर्ण लावून वीस मिनिटे गर्दीत उभे राहावे आणि कूलंटचे तापमान पाहत राहावे. मे महिन्यातली दुपार असेल तर उत्तमच.

कागदपत्रांचा भाग बहुतेक ग्राहक शेवटी आणि घाईत पाहतात. मी तो गाडी पाहायला जाण्याआधीच सुरू करतो. सतरा अक्षरांचा चासी क्रमांक आरसीवर, पुढच्या काचेखाली आणि बॉडीवर एकच असला पाहिजे. पोर्शे स्पोर्ट्स कारचा क्रमांक डब्ल्यूपीशून्यने सुरू होतो. दहावे अक्षर मॉडेलचे वर्ष सांगते आणि अकरावे कारखाना: एस असेल तर स्टुटगार्ट, यू असेल तर फिनलंडमधले उसीकाउपुंकी, जिथे पहिल्या दोन पिढ्यांतल्या अनेक बॉक्सस्टर बांधल्या गेल्या. इंजिन क्रमांकही आरसीशी जुळवावा. एका मित्रासाठी पुण्यात पाहिलेली केमन सर्व अंगांनी देखणी होती. रॅम्पवर पाहिलेला इंजिन क्रमांक मात्र आरसीवरच्या क्रमांकाशी जुळेना, आणि इंजिन बदलल्याची कोणतीही नोंद परिवहन कार्यालयात नव्हती. तशा गाडीचे हस्तांतर अडकू शकते आणि विम्याचा दावाही, म्हणून आम्ही हात जोडून परत आलो.

आयात गाड्यांत एक मोठा धोका असतो. परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांच्या नावाने करमुक्त आणलेल्या महागड्या गाड्या खासगी ग्राहकांना विकण्याचा प्रकार महसूल गुप्तचर संचालनालयाने २०२१ मध्ये उघडकीस आणला, आणि २०२५ मध्ये भूतानमार्गे बेकायदा आणलेल्या गाड्यांसाठी सीमाशुल्क विभागाने केरळात मोहीम काढली. अशी गाडी तिसऱ्या-चौथ्या प्रामाणिक मालकाच्या दारातूनही जप्त होऊ शकते. म्हणून गाडी भारतात अधिकृत विक्रेत्याकडून नवी विकली गेली असेल तर तिचे पहिले बीजक पाहावे, आणि खासगी आयातीची असेल तर बिल ऑफ एंट्री (आयातीच्या वेळी सीमाशुल्क विभागाकडे दाखल होणारा कागद) व सीमाशुल्क भरल्याचा पुरावा मागावा. पुदुच्चेरीसारख्या कमी कराच्या ठिकाणचे पासिंग असलेली गाडी महाराष्ट्रात कायम वापरायची तर इथला कर भरावा लागतो. बारा महिन्यांहून अधिक काळ ती दुसऱ्या राज्यात ठेवल्यास नवा नोंदणी क्रमांक घेणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि आयात गाडीच्या बाबतीत ही कराची रक्कम सौद्याची सगळी स्वस्ताई गिळून टाकू शकते.

आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दीतून येणाऱ्या गाडीसाठी फॉर्म २८, आणि हस्तांतरासाठी फॉर्म २९ व ३० लागतात. गाड्यांचा व्यापार करणाऱ्या विक्रेत्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून परिवहन कार्यालयाचे प्राधिकारपत्र घेण्याचा नियम लागू आहे. ते विक्रेत्याकडे आहे का, हे विचारायला संकोच करू नये.

विम्याच्या पॉलिसीतली नो क्लेम बोनसची टक्केवारी हा फार बोलका पुरावा आहे. सलग पाच वर्षे दावा न केल्यास ती ५० टक्क्यांवर पोहोचते. मालक म्हणत असेल की सहा वर्षांत एकही दावा केला नाही आणि पॉलिसीवर बोनस शून्य असेल, तर बोलणे आणि कागद यांचा मेळ बसत नाही. अर्थात हा बोनस गाडीला नव्हे, माणसाला लागू असतो. त्याने तो दुसऱ्या गाडीला लावला असेल, म्हणून आधी विचारावे आणि मग मत बनवावे. बाजारातून बसवलेला सायलेन्सर, वाढवलेली ताकद, खाली घेतलेली गाडी यांचीही इथेच नोंद घ्यावी, कारण नोंदणीतल्या मूळ तपशिलात कायद्याला मान्य नसलेला बदल केल्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आड येते आणि विमा कंपनीलाही दावा नाकारण्याचे निमित्त मिळते. ७१८ च्या टर्बो इंजिनाची ताकद संगणकातून वाढवणे सोपे असल्याने त्या पिढीत हा प्रश्न नेमका विचारावा.

गाडीसोबत दोन्ही किल्ल्या, सेवा-पुस्तिका, हवा भरण्याचा पंप आणि चाकांच्या चोरी-प्रतिबंधक बोल्टाचा खास सॉकेट मिळतो का, ते पाहावे. हा सॉकेट साधारण अंगठ्याएवढा असतो, आणि तो नसेल तर पंक्चर झालेल्या चाकाला कोणीही हात लावू शकत नाही.

किंमत ठरवताना लक्षात घ्यावे की गाडीची किंमत वयानुसार उतरते, सुट्या भागांची किंमत उतरत नाही. तपासणीत सापडलेल्या प्रत्येक कामाचा अंदाज गॅरेजकडून लेखी घेऊन तो विक्रेत्यासमोर ठेवावा, आणि त्याखेरीज खरेदीच्या किमतीच्या १० ते १५ टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी वेगळी ठेवता येत नसेल, तर एक पायरी खालचे मॉडेल पाहावे. सौदा झाल्यावर हस्तांतराचा अर्ज वेळेत करावा. कायदा खरेदीदाराला ३० दिवस देतो, विम्यावर नाव बदलून घेण्यासाठी मात्र १४ दिवसच आहेत. नाव बदलेपर्यंत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा मंजूर होईल, असे गृहीत धरता येत नाही. त्यामुळे पॉलिसीवर आपले नाव आल्याचे पत्र मिळेपर्यंत गाडी गॅरेजमध्येच ठेवावी, आणि तोवरचा वेळ ऑइल, ब्रेकचे द्रव व सर्व फिल्टर बदलून घेण्यात आणि काढलेला ऑइल फिल्टर पुन्हा एकदा उलगडून पाहण्यात घालवावा.